पुढच्या वर्षीचा नंबर

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगण्याला कंपनीच्या बसमधून उतरत होतो. रडू नंतर आलं, आधी राग आला. असा कसा जातो हा? ऑगस्टमध्ये पहिला नंबर याचा आणि हा जुलैतच निघाला!

नंबर म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल माझं डोकं फिरलंय. कारखान्यातले आम्ही आठ जण परदेशी फुटबॉलची फॅन्टसी लीग खेळतो. दर ऑगस्टला लकडगंजात प्रमोदच्या घरी जमायचं, आळीपाळीनं खेळाडू निवडायचे, ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्या संघाला गुण. घेतलेला खेळाडू पुढेही आपलाच राहतो. जो तळाला जाईल त्याला पुढच्या वर्षी निवडीचा पहिला नंबर, आणि आपला पुढच्या वर्षीचा नंबर, तो कितवा येईल हे ठरण्याआधीच, देऊन आज कुणाचा खेळाडू घेता येतो. असा सौदा झाला की दोघांत एकच चहा. खेळाडू घेणारा कपातून पितो, पुढचा नंबर घेणारा बशीतून. मिलिंद जन्माचा बशीवाला!

त्याचं गणित साधं होतं. "खेळाडू काय पाहून राहिला गा? देणारा पाह्य. त्याचा संघ म्हातारा असन तर तो आपटतेच. मंग पहिला नंबर कोणाचा? आपला! आजचा माणूस दिसते, म्हून महाग वाटते. उद्याचं दिसत नाही, म्हून लोकं फुकटात देऊन टाकतात."

गेल्या ऑगस्टपर्यंत मिलिंदच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले होते. आम्हाला वाटलं, निदान यंदा तरी हा उद्याचा नाद सोडेल, आहे ते घेईल आणि एकदाचा जिंकेल. तर या पठ्ठ्यानं आपला सगळ्यात भारी गोल मारणारा खेळाडू प्रमोदला देऊन टाकला आणि त्याचा पुढच्या वर्षीचा नंबर मागितला. मी भडकलो, "अबे, पण पुढच्या वर्षी तू..."

"बोल ना, लाजतं काहून? मी नसन, हेच ना?" त्यानं बशीवर फुंकर मारली. "नसलो तरी नंबर माहाच राहीन. कोण घेते तेच पाहतो!" आणि असा भुरका मारला की स्वयंपाकघरातून प्रमोदची आई बाहेर डोकावली...

मे महिन्यात प्रमोदचा म्हातारा संघ तळाला गेला. मिलिंद तेव्हा अंथरुणाला खिळलेला. मी सांगितलं तर डोळे न उघडताच म्हणाला, "आपटला ना?"

तो गेल्यावर प्रमोद म्हणू लागला, "माणूसच नाही, तर सौदा कोनासंगं? नंबर मले वापस द्या." दोघातिघांनी माना डोलावल्या. माझं टाळकं सरकलं. "त्याच्यासंगं एक चहा पेला ना तू? मंग! मरणानं माणूस नेला, नंबर नाही नेला." लोक मिलिंदच्या घरी येऊन 'बिचारा आजारापुढे हरला' म्हणत होते, तेही डोक्यात होतंच. कसला हरला? मी थेट मिलिंदच्या बायकोला, वंदनावहिनींना, निवडीला बोलावून आलो.

वहिनी आल्या. यंदाच्या सगळ्यात तडफदार तरुण खेळाडूचं नाव प्रत्येकाच्या तोंडावर होतं, त्या तेच घेणार हे नक्की होतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "भाऊजी, यंदा सगळ्यात म्हातारा संघ कोणाचा हाय?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. आता बोला!

"मंग हा पहिला नंबर तुम्हीच घ्या," वहिनी मला म्हणाल्या, "अन् तुमचा पुढच्या वर्षीचा मले द्या."

नाही कसं म्हणणार? प्रमोदनंच चहा आणला, गुपचूप. मी कप उचलला. वहिनींनी बशी पुढे ओढली, फुंकर मारली आणि भुरका घेतला, चांगला आवाज करून.

पुढच्या ऑगस्टला वहिनींचा तो नंबर परत मागायला कुणी येऊनच दाखवा.