आईने पुस्तक वाचलं का?

पुस्तक छापून घरी आलं तेव्हा मला वाटलं, काम संपलं. तीनशे प्रती मी स्वतःच छापून घेतल्या होत्या, कारण दोन प्रकाशकांनी साधं उत्तरही दिलं नव्हतं. शाळेच्या ऑफिसातून रिटायर झालेल्या बाईचं वाकोल्यातलं लहानपण कोण छापणार, हे मलाही कळत होतं.

मग विकायचं सुरू झालं. मुलुंडच्या दोन्ही बाजूंना पिशवी घेऊन फिरले. वाचनालयाने एक प्रत भेट म्हणून ठेवून घेतली. स्टेशनजवळच्या स्टेशनरीवाल्याने पाच प्रती काउंटरवर मांडल्या आणि महिन्याने चार परत दिल्या. सोसायटीच्या ग्रुपवर मुखपृष्ठाचा फोटो टाकला, त्यावर सतरा अंगठे आले आणि पाण्याच्या टाकीबद्दल एक तक्रार.

शाळेतली माझी एक जुनी मैत्रीण आहे, ती मला म्हणाली, "अगं, असं नाही विकत कोणी घेत. तू लोकांसमोर बोल. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला ये, मी ठरवते."

गेले. साठेक बायका होत्या. मी दहा मिनिटं बोलले, कोणी ऐकत होतं, कोणी वाण मोजत होतं. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "तुमच्या आई आहेत ना? त्यांनी वाचलं का पुस्तक?"

आई माझ्याजवळच राहते. ऐंशी उलटलेली, चौथीपर्यंत शिकलेली, पेपरातले मोठे मथळे वाचते. पुस्तक तिच्या हातात दिलं तेव्हा तिने मुखपृष्ठावरून हात फिरवला, पाटावर ठेवून कुंकू लावलं आणि देवाजवळ ठेवलं. उघडलं नाही. मीही उघडून बघ म्हटलं नाही.

मी म्हणाले, "हो, वाचलं ना. एकेक अक्षर लावून, रोज दोन पानं. आयुष्यात तिने पूर्ण वाचलेलं पहिलं पुस्तक."

कुठून आलं ते माझं मलाच कळलं नाही. त्या आजींनी डोळ्याला पदर लावला. चाळीस प्रती गेल्या, मंडळाने पुढच्या वर्षीच्या वाणासाठी आणखी मागितल्या. आणि मैत्रिणीने नेमकं तेवढंच मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते इतक्या ग्रुपवर फिरलं की माझ्या नणंदेने ते मलाच पाठवलं.

त्यानंतर जिथे जाईन तिथे तेच. पुस्तकात काय आहे हे कोणी विचारत नव्हतं, आई कशी वाचत होती ते सांगा म्हणत. मीही सांगत गेले. सांगण्यात तिचा चष्मा आला, दुपारची खिडकी आली. मग बोरिवलीच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचा फोन आला. "आईंनाच आणा. एक पान वाचतील. आम्ही पत्रिकेत छापलंय."

विचारायच्या आधीच छापलं होतं. मी दोन दिवस जेवले नीट नाही. तिसऱ्या दिवशी आई भाजी निवडत होती, तेव्हा समोर बसून सगळं सांगितलं.

तिने हातातली मेथी खाली ठेवली नाही. "म्हणजे आता माका वाचूक व्हया?"

"नको वाचूस. मी सांगते त्यांना, तुला बरं नाही म्हणून."

"आणखी एक खोटा कित्याक?" ती म्हणाली. "आण हडे."

चार दिवस ती दुपारची पुस्तक घेऊन बसली. मी स्वयंपाकघरात भांडी उगाच पुन्हा घासत राहायचे, कारण पुढे काय येणार हे मला माहीत होतं. मी सात वर्षांची असताना आईने मला मामाकडे गावी ठेवलं आणि धाकट्या भावाला घेऊन मुंबईला आली. दोन वर्षं मी तिथेच होते. ते मी लिहिलं होतं, आणि गोड करून लिहिलं नव्हतं. पाचव्या दिवशी पुस्तक मिटलेलं होतं.

बोरिवलीला तिला स्टेजवर खुर्ची दिली. माईक समोर आला तसं ती परक्यांशी बोलते त्या मराठीत सरळ म्हणाली, "मी सगळं वाचलेलं नाही. मुलगी सांगते ते खरं नाही. थोडं वाचलं. पुढे माझ्याबद्दल आहे, ते तिने मला तोंडावर कधी विचारलं नाही."

मला वाटलं, सुटले. आता लाज वाटेल, पण हे थांबेल. लोक टाळ्या वाजवायला लागले. उठून वाजवल्या. माझ्या टेबलापाशी रांग लागली, तिथे मी खाली मान घालून सह्या करत होते.

परत येताना टॅक्सीत मी विचारलं, "मग धाकट्याला नेलंस आणि मला का ठेवलं होतंस?"

"तो रडायचो," ती म्हणाली. "तू रडायची नाय. माका वाटला, तू मामाकडे रवशील." थोड्या वेळाने म्हणाली, "पुढच्या वेळेक माका नेव नको."

त्या दिवसाचाही व्हिडिओ निघालाच. मूळ प्रती संपल्या, मी आणखी तीनशे छापल्या. घाटकोपरच्या कार्यक्रमात एका मुलीने उभं राहून विचारलं, "आईंना विचारलंत का मग? काय म्हणाल्या?"

सांगायचं नाही असं ठरवूनच मी गेले होते. टॅक्सीतलं ते एक वाक्य फक्त माझं होतं. पण हॉलभर चेहरे वाट बघत होते, आयोजक बाई मान हलवत होत्या, आणि मी ऐकलं तर मी बोलतच होते. "तो रडायचो" म्हणून थांबले. किती थांबायचं ते मला आता बरोबर कळतं.

घरी आले तर आईने वरण गरम करून ठेवलं होतं. "झालो कार्यक्रम?" तिने विचारलं. मी झाला म्हणाले आणि ताट घेतलं. पुढचा अंधेरीला आहे.