गंगाक्कांच्या नावाची वही

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. दुपारी दार लोटून लिहिते आहे — चौथीपर्यंतचं माझं शिक्षण, पण एवढं लिहिता येईल.

माझे सासरे तुळजापुरात मास्तर. निजाम गेल्यापासून त्यांना एकच ध्यास — आपल्या मुलखाचा इतिहास आपण लिहायचा. घरभर जुने कागद, वह्याच वह्या. पण जात्यावरच्या ओव्या पुरुषाला कोण सांगणार? माझं माहेर अणदूर, आणि तिथं शेकडो ओव्या पाठ असलेल्या गंगाक्का होत्या, फार म्हाताऱ्या. मी माहेरी निघाले तेव्हा मामंजींनी त्यांना निरोप धाडला आणि मला कोरी वही दिली. म्हणाले, "सूनबाई, नुसतं विचारून त्यांना आठवत नाही. समोर बसून दळू लाग. खुंट्याला हात लागला की आपोआप येतं."

गेले ना मी — गंगाक्कांच्या दारापर्यंत. आत बायका हसत होत्या. एकीनं विचारलं, "कोन गं ती, चोरावानी उभारलेली?" मी वळले ती थेट घरी. सगळ्या ओळखीच्याच होत्या. मग एवढी लाज कशाची?

दुपारी माळवदाखालच्या गारव्यात पडले. डोळा लागला होता की नाही — कुणास ठाऊक. गिरणी आल्यापासून आईचं जातं बंदच होतं, तरी घरघर ऐकू येत होती. कवडशात पिठासारखं काही तरंगत होतं. आणि शब्द येऊ लागले, माझेच —

अणदूरच्या वाटं बाई, बारव बांधिली कुणी
डोरलं मोडून तिनं, वाटंला पाजिलं पाणी

अर्धी वही भरली. खोटं करते आहे, असं वाटलं का तेव्हा? नाही. गोड वाटलं.

मामंजी वाचताना चष्मा पुसत राहिले. "सोनं आणलंस, सूनबाई!" सगळं त्यांनी सुंदर अक्षरात उतरवून काढलं.

महिन्याभरानं अणदूरची कासारीण बांगड्या भरायला आली. माझा हात धरूनच म्हणाली, "गंगाक्कानं इचारलंय, मास्तरची सून का आली न्हाय? जातं धुऊन ठिवलंय म्हनं. मनगटात जोर न्हाय ऱ्हायला, लौकर ये म्हनावं."

मामंजी शाळेत होते. मी हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. हा निरोप मामंजींना कळू दिला नाही, आणि अणदूरलाही गेले नाही. संक्रांतीच्या आधी गंगाक्का वारल्या.

त्या उन्हाळ्यात मामंजी डोरलं मोडणाऱ्या बाईची बारव शोधत अणदूरच्या शिवारात हिंडले. भाकरी मीच बांधून दिली.

आता मामंजीही नाहीत. परवा ग्रंथालयाची माणसं येऊन त्यांचे सगळे कागद पेट्यांत भरून घेऊन गेली. यादी करणाऱ्यानं ती वही वर धरून विचारलं, "ओव्या कुणाच्या, वहिनी?" तेव्हा तरी सांगता आलं असतं — नाही का?

"गंगाक्कांच्या," मी म्हणाले.

त्यानं तसं लिहून घेतलं. पेटीत ती वही आहे, तिच्यावर गंगाक्कांचं नाव आहे. आत त्यांचा एक शब्द नाही.