काळ्या काचेचं हेल्मेट

आमच्या घरात आधी हेल्मेट आलं, मग मला नोकरीची सायकल मिळाली आणि स्कूटर सगळ्यांत शेवटी आली. बाकीच्या जगात हा क्रम वेगळा असतो, मला ठाऊक आहे.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या सोसायटीतली रविवारची सायकलवाली मंडळी. सकाळी बोरिवलीच्या पुढे कुठेतरी जाऊन येतात आणि गेटपाशी इडली खात वाद घालतात, की सायकलवर हेल्मेट घालावं का नाही. एक म्हणतो, घालायलाच हवं. दुसरा म्हणतो, जाम गरम होतं यार, आपण काय मोटरसायकल चालवतो? परवा दूध घेऊन येताना मी म्हटलं, मी घालायचे, पंचाऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला, ह्याच कांदिवलीत. सगळे हसले. एकाने तर ‘काकी, झकास!’ म्हणून अंगठा दाखवला. त्याला वाटलं, म्हातारी थापा मारतेय. मारेन कशाला? थाप मारायची असती तर विमान चालवलं म्हणाले असते.

तेव्हा स्कूटर अशी दुकानात जाऊन आणता येत नसे. नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. बाबा अंधेरीला एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी नाव नोंदवलं तेव्हा मी सातवीत होते, आणि मी नोकरी शोधायला लागले तरी नंबर काही लागला नव्हता. मधे, मी कॉलेजात असताना, मामा गल्फमधून सुट्टीवर आला आणि त्याने बाबांसाठी हेल्मेट आणलं. लालभडक, हनुवटीपर्यंत झाकणारं, पुढे काळी काच. काच खाली ओढली की आतला माणूस बाप्या आहे की बाई, काही कळायचं नाही. आई भडकली. ‘मेल्याला मिक्सर सांगितला होता, तर ह्यांना मडकं घेऊन आला,’ म्हणाली. घरात त्याचं नाव मग मडकंच पडलं.

बाबांचा मात्र त्या मडक्यावर भारी जीव. कपाटावर प्लास्टिकच्या पिशवीसकट ठेवलेलं असायचं. पाहुणे आले की खाली उतरायचं, सगळ्यांच्या हातातून फिरायचं आणि पुन्हा वर जायचं. एकदा मी कॉलेजातून लवकर आले, तर बाबा हेल्मेट घालून खुर्चीत बसलेले, दोन्ही मुठी पुढे धरून. मी गपचूप मागे सरले आणि बाहेरून कडी वाजवली.

मी रक्त तपासायचा कोर्स केला होता. स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये मुलगी हवी होती म्हणून गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझी मार्कशीट उघडलीसुद्धा नाही. ‘सायकल येते का गं?’ एवढंच विचारलं. सकाळी लोकांच्या घरी जाऊन रक्त घ्यायचं काम होतं. ती माणसं चहासुद्धा न घेता उपाशी बसलेली असत, तेव्हा उशीर चालायचा नाही. आधीची मुलगी बसची वाट बघत राहायची, म्हणून तिला काढलं होतं. सायकल लॅबची मिळणार होती. मी म्हटलं, येते. येत होतीच की, तासावर भाड्याने घेऊन मैदानात गोल गोल फिरण्याइतकी.

घरी सांगितलं आणि बाबांनी ताट बाजूला सारलं. ‘एवढी वाढलेली चेडू भर रस्त्यावर सायकल मारतली? लोक काय म्हणतील?’ चेडू म्हणजे मुलगी. बाबा चिडले की मालवणी बोलायचे, आणि अर्धीमुर्धी बोलले तर समजायचं, अजून वाटाघाटीला जागा आहे.

‘पुण्यात सगळ्या मुली चालवतात,’ मी म्हटलं.

‘मग पुण्याक जा.’

मी काय ऐकून घेणाऱ्यातली? डोकं माझंही बाबांचंच होतं. दोन दिवस मी जेवले नाही, म्हणजे घरात जेवले नाही. खाली जाऊन वडापाव खात होते. खरं सांगायचं तर आतून हादरले होते. वर्षभर घरी बसून ‘स्थळं बघा हिच्यासाठी’ ऐकत होते. ही सायकल गेली असती तर नोकरी गेली असती, आणि नोकरी गेली असती तर मी थेट मांडवात.

तिसऱ्या दिवशी आई भाजी निवडता निवडता वर कपाटाकडे बघत म्हणाली, ‘अहो, ते मडकं घालून जाऊ दे की तिला. काच खाली केली तर कोण ओळखतंय?’

बाबांनी वर बघितलं. इतक्या वर्षांत त्या हेल्मेटचा काहीतरी उपयोग करायची ही पहिलीच संधी होती. मग अटी ठरल्या. हेल्मेट पिशवीत घालून लॅबपर्यंत चालत जायचं, तिथे चढवायचं, काच पूर्ण खाली. वर बाबांचा जुना फुल शर्ट, वेणी शर्टाच्या आत. डोकं फुटेल, ट्रक आहेत, खड्डे आहेत, असं ह्या सगळ्या चर्चेत कोणी चुकूनसुद्धा म्हणालं नाही. मीही नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, आत उकडून भात होईल माझा. मागून कोण येतंय ऐकू येत नव्हतं. काचेवर वाफ धरायची. पोरं मागे धावायची, ‘ए हिरो, स्कूटर चोरीला गेली काय रे?’ आणि तो ‘रे’ ऐकला, तिथेच मला कळलं की आपल्या हाताला काय लागलंय.

कॉलेजला चालत जाताना नाक्यानाक्यावर जे काही ऐकावं लागायचं, ते सगळं एका सकाळीत बंद झालं. शिट्टी नाही, गाणं नाही, मुद्दाम कोपर घासणं नाही. एस. व्ही. रोडवर एका बसवाल्याने मला अस्सल बाप्यांना देतात ती शिवी दिली. मी काचेच्या आत खुदकन हसले. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला फक्त सायकल नीट न चालवल्याबद्दल बोलत होतं! पेशंटांच्या दारात तेवढी पंचाईत व्हायची. चारकोपला एका आजोबांनी दार उघडलं आणि मला बघून दोन्ही हात वर केले. मी हेल्मेट काढलं तर म्हणाले, ‘अरे देवा, रक्तवाली होय? मला वाटलं दरोडा पडला.’

असे चार-पाच महिने मजेत गेले. बाबांची दुसरी पाळी असली की सकाळी ते कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसत. एकदा मी तिथून जात असताना पुढे एक टेम्पो रिव्हर्स घ्यायला लागला आणि मला टपरीसमोरच थांबावं लागलं. बाबा हाताच्या अंतरावर. शेजारी त्यांचा एक मित्र, रोजचाच, तोंडाळ. माझ्याकडे बोट करून म्हणाला, ‘हा बघ येडा! सायकलवर हेल्मेट. कोण रे हा?’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. शर्ट त्यांचा, हेल्मेट त्यांचं, आत मुलगी त्यांची. ‘असेल कोणीतरी,’ ते म्हणाले, आणि मित्राबरोबर हसले.

ठरलेलंच होतं ते, मला मान्य होतं. पण मला इतकं लागलं, की पुढच्या घरी शीर सापडेना. दुपारी कामावर निघायच्या आधी बाबा आईला कौतुकाने सांगत होते, ‘टपरीवर कोणाला कळलंच नाही!’ मी जेवणावरून उठून गेले. त्यांना वाटलं, पोटात दुखतंय.

त्यानंतर महिनाभरात मी पडले. मोठं काही नाही. एका रिक्षाने पॅसेंजर दिसल्याबरोबर कच्चकन वळण घेतलं, मी तिच्या मागच्या चाकावर आदळले आणि तिथून थेट फुटपाथच्या कडेवर. कडेवर पहिलं काय आपटलं असेल तर माझं डोकं. आवाज असा झाला की वाटलं, कोणीतरी कढई आपटली. आणि मागच्या कॅरियरवर डबा होता, त्यात पाच घरचं रक्त. बाटल्या फुटल्या आणि सगळं माझ्या शर्टावर.

‘मेला! पोरगा मेला!’ गर्दी जमली. कोणीतरी हेल्मेट ओढून काढलं, वेणी बाहेर पडली, आणि गर्दीतलं मरणाचं वातावरण एका क्षणात बदललं. ‘अरे, ही तर पोरगी आहे!’ आता मेली की जिवंत, ह्यात कोणाला रस राहिला नाही. कुणाची गं तू? राहतेस कुठे? घरी माहीत आहे का? मी म्हणत होते, बाटल्या बघा, बाटल्या. गर्दीत बाबांचा तो टपरीवरचा मित्र होता. त्याने मला ओळखलं आणि ओरडत बाबांकडे टपरीवर पळाला, ‘अरे, तुझी पोरगी! रक्त, रक्त!’

बाबा धावत आले, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. माझा शर्ट बघून त्यांचा चेहरा कसा झाला ते मी सांगत नाही, सांगवत नाही. मी घाईघाईने म्हटलं, ‘बाबा, हे माझं नाही. हे पेशंटांचं आहे.’ ते माझ्याशेजारी रस्त्यावर बसले. मग दोन्ही हातांनी माझं डोकं धरून चाचपत राहिले, नारळ घेताना चाचपतात तसं, पुन्हा पुन्हा. सगळी कांदिवली बघत होती.

कोपर सोलवटलं होतं, बस. हेल्मेटला मात्र उजव्या कानाच्या वर वीतभर तडा गेला होता. दुपारभर बाबा ते मांडीवर घेऊन बसले. तड्यावरून बोट फिरवायचे, पुन्हा फिरवायचे. कामावर गेले नाहीत. मला वाटलं, झालं, वाट लागली. स्कूटरच्या हेल्मेटचं वाटोळं केलं, शिवाय आता सगळ्या नाक्याला कळलं. सायकल बंद, नोकरी बंद. काय काय बोलायचं ते मी मनात तयार करून ठेवलं होतं.

सकाळी उठले तर बाबा खिडकीपाशी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेले. तड्यावर काळी टेप गुंडाळली होती. तडा गेलेलं हेल्मेट टाकून द्यायचं असतं, हे सोसायटीतल्या पोरांनी मला हल्ली शिकवलं. आमच्याकडे काही टाकून द्यायची पद्धतच नव्हती. काळी काच काढून त्यांनी बाजूला ठेवली होती आणि तिचे दोन स्क्रू खिशात टाकत होते. मला म्हणाले, ‘चल.’ मी पिशवी घेतली. ‘पिशवी नको.’

हेल्मेट हातात धरून ते माझ्याबरोबर खाली उतरले. टपरीवर मित्र होताच. ‘काय रे,’ तो म्हणाला, ‘आता तर सगळ्यांनी बघितलं पोरीला. आता ते डबडं कशाला?’

‘डोक्यासाठी,’ बाबा म्हणाले. ‘माझ्या चेडवाचं डोकं आहे ते.’

आणि भर टपरीसमोर त्यांनी ते माझ्या डोक्यावर चढवलं आणि हनुवटीखाली पट्टा लावला. सायकल अजून लॅबवर, मी पायी, माझा चेहरा सगळ्यांसमोर उघडा. मला रडू यायला लागलं.

‘रडतेस काय? जा आता,’ बाबा म्हणाले. ‘लोक उपाशी बसलेत.’