जित्या माणसाचं नाव

माझ्या थोरल्या मुलाचं नाव मी आजवर तोंडाने घेतलेलं नाही. ते माझ्या सासऱ्यांचं नाव आहे, आणि आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. दवाखान्यात कोणी विचारलं तर मी बरोबरच्या बाईला कोपराने ढोसते आणि ती सांगते. नातसुना तोंडाला पदर लावून हसतात. हसोत बापड्या. त्या नावापायी घरात काय घडलं ते त्यांना ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांतली आता मी एकटीच उरले आहे.

आमचं गाव परतूर आणि मंठा यांच्या मधे. तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी लग्न होऊन आले त्या वेळी सासरे घरात नव्हतेच. एका दुष्काळी सालात ते परतूरला जाऊन आगगाडीत बसले आणि काम शोधायला गेले. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, परत येतो म्हणाले होते. आखिती आली आणि गेली. सुरुवातीला कोणाकोणाबरोबर निरोप यायचे, मग तेही थांबले. मी त्यांना पाहिलेलं नाही. घरातल्या खुंटीवर त्यांचा एक फेटा टांगलेला असायचा, तेवढीच माझी त्यांची ओळख.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. बाई अंगाने काटकुळी, पण कपाळावरचं कुंकू चांगलं रुपयाएवढं. सकाळी आधी कुंकू, मग चूल. आखितीला घरोघर मेलेल्या वाडवडलांच्या नावाने पाण्याचे घट भरतात. चुलत सासरे दरवर्षी एक घट जास्तीचा आणून ठेवायचे आणि आत्याबाई तो उचलून पालथा घालायच्या. माणूस परागंदा झाला तर बारा वर्षं वाट पाहायची, मग गवताचा देह करून जाळायचा आणि त्याला मेला म्हणायचं, अशी रीत. बारा वर्षं होऊन गेली होती. चुलत सासरे माणूस वाईट नव्हते. नवरा लहान असताना त्यांनीच शेत सांभाळलं. पण त्यांना लोंबकळत राहिलेली गोष्ट बघवायची नाही. गोठ्यातलं दावं असो की भावकीतलं भांडण, एकदाची गाठ मारून मोकळं व्हायचं, असा स्वभाव.

माझी आधीची दोन्ही लेकरं नाव ठेवायच्या आतच गेली. तिसरा हा. जन्मला तेव्हा धडधाकट होता, पण आठवडाभरात रडायला लागला तो थांबेचना. दूध ओढायचा नाही, ओढलं तर टाकायचा. बारावा दिवस तसाच टळला. अंगारे झाले, दृष्ट काढून झाली, सुईणीने पोटाला एरंडाचं पान बांधून झालं. शेवटी शेजारची म्हातारी म्हणाली की पोर नाव मागतंय. आमच्याकडे असं मानतात की घरातला कोणीतरी जुना माणूस पोराच्या रूपाने परत आलेला असतो, आणि त्याचं नाव त्याला मिळेपर्यंत तो रडतो. मग वाडवडलांची नावं एकेक करून घ्यायची. ज्या नावाला पोर उगं राहील ते त्याचं.

आणि नेमका त्याच दिवसांत आमचा भाट आला. सुगी झाली की तो यायचा, ओट्यावर बसायचा आणि घराण्याची सगळी पिढावळ तोंडपाठ म्हणायचा. पहिला माणूस कुठून आला, त्याने कोणती पडीक जमीन मोडली, त्याला मुलं किती, कोण निपुत्रिक गेला, सगळं. मेलेल्यांचीच नावं त्यात. म्हणून तो सासऱ्यांच्या वडलांपाशी येऊन थांबायचा आणि आत्याबाई त्याच्या झोळीत जोंधळे घालायच्या. जोंधळ्यांचं माप दरवर्षी वाढत चाललं होतं. भाटाने पुढचं नाव घेऊ नये म्हणून ते, हे सगळ्यांना कळायचं.

त्या दिवशी पोर आत्याबाईंच्या मांडीवर होतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता, नुसतं तोंड उघडं दिसायचं. भाटाने वरून खाली नावं घ्यायला सुरुवात केली. प्रत्येक नावाला आत्याबाई पोराच्या कपाळाला अंगारा लावायच्या आणि आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघायचो. एक पिढी गेली, दुसरी गेली. पोर रडतच होतं. भाट सासऱ्यांच्या वडलांपाशी आला आणि थांबला. चुलत सासरे म्हणाले, पुढचं घे. भाटाने आत्याबाईंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून बसल्या होत्या. त्याने खाकरून सासऱ्यांचं नाव घेतलं.

पोर उगं राहिलं.

ते का राहिलं, हे मी उभा जन्म विचारत आले आहे. थकलं असेल. भाट खाकरला म्हणून दचकलं असेल. त्या नावाबरोबर आत्याबाईंनी त्याला पोटाशी घट्ट धरलं ते मी पाहिलं, त्या धरण्यानेही राहिलं असेल. तेव्हा मात्र मला एवढंच कळलं की माझं लेकरू गप्प झालं आहे आणि डोळे उघडून बघतं आहे. माझ्या जिवात जीव आला. ओट्यावर बाकी कोणी हललं नाही. कारण जित्या माणसाचं नाव घरातल्या पोराला देत नाहीत. दिलं तर एकाचं आयुष्य दुसऱ्याला लागतं. पोराला ते नाव द्यायचं म्हणजे सासरे मेले असं म्हणायचं, आणि आत्याबाईंनी कपाळ पुसायचं.

चुलत सासरे हळूच म्हणाले, "वैनी, पोरगं बराबर बोललं. आता अडून बसू नका."

"ते जित्ते हायेत, भावजी," आत्याबाई म्हणाल्या. "जित्त्या माणसाचं नाव पाळण्यात घालता येत न्हाई."

संध्याकाळी पोर पुन्हा रडायला लागलं. ते चार-सहा दिवस घरात जे चाललं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडायला दोन तोंडं लागतात. नवरा सकाळीच शेतात निघून जायचा. एकीकडे आईचं कुंकू, दुसरीकडे पोराचा जीव. तो काय बोलणार? चुलत सासरे येऊन पोराकडे बघायचे आणि सुस्कारा सोडून जायचे. पोराच्या मांड्यांची कातडी सैल पडली होती. आधीच्या दोघांचंही असंच झालं होतं, त्यामुळे पुढे काय ते मला माहीत होतं.

एका दुपारी जात्यापाशी आत्याबाईंनी मला विचारलं, "तुला काय वाटतं?" सासूने सुनेला काय वाटतं ते विचारावं, असा तो काळ नव्हता. त्यांनी मला तेवढंच एकदा विचारलं.

"आत्याबाई, मला हे पोर पायजे," मी म्हणाले.

त्यात लपवण्यासारखं मला तेव्हा काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. आईने दुसरं काय म्हणायचं असतं? त्यांनी जात्यातलं पीठ हाताने एका बाजूला केलं आणि उरलेलं दळण दळून टाकलं.

दोन दिवसांनी बारसं केलं. घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या. पोराच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून नणंद सासरहून आली होती. ती पाळण्यावर वाकली आणि तशीच राहिली. तिच्या बापाचं नाव होतं ते. तोंडातून निघालं की बाप गेला. ती रडतच मागे सरली. मग आत्याबाई पुढे आल्या. त्या दिवशी त्या हिरवं लुगडं नेसल्या होत्या आणि कुंकू रोजच्यापेक्षा ठसठशीत लावलं होतं. विधवेला पाळण्याजवळ येऊ देत नाहीत. त्यांना जे करायचं ते सवाष्ण असतानाच करून घ्यायचं होतं. त्या वाकल्या आणि ज्या नवऱ्याचं नाव त्यांनी उखाण्यापलीकडे कधी घेतलं नव्हतं, ते पोराच्या कानात सांगितलं. मग सरळ आत गेल्या. बाहेर बायका पाळणा म्हणत होत्या, त्यात बांगड्या फुटल्याचा आवाज मला ऐकू आला. घुगऱ्या वाटल्या तेव्हा त्यांचं कपाळ कोरं होतं. पुढच्या अमावस्येला नदीवर गवताचा देह जाळला.

पोर जगलं. महिनाभरात दूध पचायला लागलं, मांड्या भरल्या. घरात मात्र त्याचं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं. मला घेता येईना, आत्याबाईंना घेता येईना. सगळे त्याला आबा म्हणायचे. आत्याबाई त्याला 'अवं आबा, जेवता का' असं अहोजाहो करायच्या. कोणी त्याच्यावर हात उगारला तर मधे पडायच्या. फेटा खुंटीवरून काढून त्यांनी ट्रंकेत ठेवला.

पुढे पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, बंद पडलेले रस्ते हळूहळू चालू झाले. त्याच हिवाळ्यात एका दुपारी एक म्हातारा घर विचारत आला. नांदेडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सासऱ्यांबरोबर काम केलेला होता. ते यंदाच्या पावसाळ्यात तापाने गेले, असं त्याने सांगितलं. रस्ते धड नव्हते म्हणून यायला उशीर झाला म्हणाला. मी हिशेब करत बसले नाही, तो आपोआप झाला. आबा तेव्हा अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता, चांगला शाळेत जाणारा.

मग म्हाताऱ्याने राहिलेलं सांगितलं. गेल्यावर पुढच्याच वर्षी सासऱ्यांचा हात यंत्रात सापडला, बोटं गेली. रिकामा आणि मोडका हात घेऊन घरी कसं जायचं, म्हणून वर्षांमागून वर्षं काढली. शेवटी मन घट्ट करून निघाले. नवं धोतर घेतलं. परतूरला उतरले. ठेसनाबाहेर आमच्या बाजूचा एक गाडीवान भेटला. आपण कोण ते न सांगता त्यांनी घरची खुशाली विचारली. गाडीवान म्हणाला, बरं चाललंय, नातू झालाय, आजाचंच नाव लावलंय त्याला. सासरे त्याच्या बैलगाडीत बसले नाहीत. उलटी आगगाडी धरून नांदेडला गेले. म्हाताऱ्याला म्हणाले होते, "घरानं माझं नाव देऊन टाकलं. आता मी कोण म्हणून जाऊ?"

चुलत सासरे उठून गोठ्याकडे गेले. नवरा जमिनीकडे बघत राहिला. आत्याबाई दाराच्या आत बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं.

"परतूरपर्यंत आल्ते ते?"

"व्हय, माय."

परतूरहून आमचं घर सकाळी निघालं तर दुपारच्या आत येतं.

म्हातारा जेवून गेला. दिवेलागणीला आत्याबाई उठून बाहेरच्या दारात उभ्या राहिल्या. परतूरची वाट तिथून दिसते. त्यांनी नाव घेऊन हाक मारली. आबा नव्हे, ते नाव, मोठ्याने, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी ते पहिल्यांदा असं उघड ऐकलं. त्यांनी पुन्हा हाक मारली, मग पुन्हा.

शाळेत गुरुजी त्याला रोज त्याच नावाने बोलवायचे. तरी आबा शेंगांवरून उठला नाही. मान वळवून त्याने वाटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, आजी कोणाला बोलावून राह्यली?"

"तुला नाही," मी म्हणाले.