राजधानीत पायऱ्या किती

सहलीहून परत आलेल्या माणसाची त्या ट्रॅव्हल कंपनीच्या ऑफिसातून सहजासहजी सुटका होत नसे. राहिलेले कागद न्यायला म्हणून तो यायचा. खिडकीजवळच्या टेबलापाशी ताई त्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायची, आणि आता राजवाडे न् बर्फाचे डोंगर सांगायला तो तोंड उघडणार एवढ्यात विचारायची, "ते असू द्या हो. हॉटेलच्या दारापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती होत्या?"

माणूस गडबडायचा. एवढा समुद्र ओलांडून गेलो आणि ही बाई पायऱ्या विचारते! पण ताई निळी वही उघडून, पेन सरसावून बसलेली असायची. मग बिचारा डोळे मिटून मनातल्या मनात पुन्हा चढउतार करायचा. चार... नाही, पाच. कठडा एकाच बाजूला. ताई लिहून घ्यायची, कोणी सांगितलं तेही लिहायची. सव्वीस वर्षांत अशा एकोणीस वह्या भरल्या होत्या, आणि 'पायरीताई' हे नाव गिऱ्हाइकांतही रुळलं होतं. ती लटकंच चिडायची, पण मनातून तिला ते नाव आवडायचं, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

तिने स्वतः युरोप पाहिला होता का, तर नाव नको. शेजारच्या गावाला जायचं तरी तिला लिंबू हुंगत जावं लागे, बस लागायची. सहली आखायच्या तिने आणि जायचं लोकांनी, अशी सरळ वाटणी होती. पण कुठल्या शहरात कुठलं म्युझियम मागच्या दाराने गाठलं तर उंबरासुद्धा लागत नाही, हे तिथे दहा वेळा जाऊन आलेल्यांना माहीत नसायचं आणि हिला माहीत असायचं.

हे पायऱ्यांचं वेड वडिलांपासूनचं. ते शाळेत शिपाई होते आणि त्यांचा एक पाय लहानपणच्या आजारात वाळला होता. शाळेची सहल दरवर्षी टेकडीवरच्या किल्ल्यावर जायची. वडील पायथ्यापर्यंत बसमधून यायचे आणि तिथेच बसायचे, शंभर पोरांच्या पिशव्या राखत. ताई त्याच शाळेत. ती वरून उतरली की ते हौसेने विचारायचे, "वरून काय दिसतं गं?" आणि ती म्हणायची, "काही विशेष नाही हो बाबा." सात वर्षं ती हे खोटं बोलली. वरून अख्खी नदी दिसायची, वळणासकट.

तर अशा या ताईच्या टेबलापाशी एके दिवशी चार पायांचा वॉकर टेकत भूगोलाच्या बाई आल्या. त्याच शाळेतल्या, ताईला शिकवलेल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ अजून फळ्यासारखी ताठ.

"एकतीस वर्षं ती युरोपातली नदी मी निळ्या खडूने काढली," बाई म्हणाल्या. "राजधानीतून जाते, पुढे तीन देश ओलांडते. आता खरी बघायची आहे. तुमची ती बोटीची सहल आहे ना, आठ दिवसांची?"

"आहे बाई. पण गुडघे काय म्हणतात?"

"एक पायरी चढतात, दुसरी कुरकुरत चढतात, तिसरीला राजीनामा देतात. आणि हे बघ, प्रत्येक गावात मला काठावर उतरायचंय. नुसतं खिडकीत बसवून ठेवणार असाल तर घरचा सोफा काय वाईट आहे?"

ताईने 'बघते' वगैरे काही म्हटलं नाही. म्हणाली, "उतराल."

धाकट्या मालकांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते केबिनमधून बाहेरच आले. थोरल्या मालकांचे हे चिरंजीव. हाफपँटमध्ये याच ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीवर गरगर फिरताना ताईने त्यांना पाहिलं होतं. पण आता ते मालक होते.

"ताई, बोटवाले आधीच हात वर करतात. चालता न येणाऱ्या माणसाची हमी देत नाहीत. बाई तिथे अडकल्या तर गावभर आपली शोभा."

"नाही अडकणार."

"मग लिहून द्या. जबाबदारी तुमची. आणि अंगाशी आलं, तर ज्येष्ठांच्या सहली मी दुसऱ्याकडे देईन. या वह्यांचा पसाराही मग एकदाचा हलवू."

ताईने कंपनीचा कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या, खाली तारखेसकट सही ठोकली. पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी पुटपुटलं, "हात दाखवून अवलक्षण." पुटपुटणाऱ्याचं चुकत नव्हतं.

मग तीन आठवडे तिने ती सहल अक्षरशः विंचरून काढली. लिफ्ट थेट खालच्या मजल्यापर्यंत जाते अशी बोट शोधली. बाईंची खोली लिफ्टला लागून घेतली. गावागावांतला धक्का ते बस हा रस्ता वह्यांतून तपासला. सगळं जमत आलं आणि राजधानीपाशी घोडं अडलं.

तिथे धक्क्याला जागा थोडी आणि बोटी फार. म्हणून त्या एकीला एक चिकटून उभ्या राहतात, दोन, तीन, कधी चार. बाहेरच्या बोटीतल्या माणसाने काठावर जायचं तर आतल्या बोटींमधून जायचं. बोटी एका बांधणीच्या असल्या तर दाराला दार लागतं. नसल्या तर छतावर चढून पलीकडे उतरायचं. छत म्हणजे बावीस पायऱ्या वर, बावीस खाली. हे वह्यांत सहा जणांनी सांगितलं होतं आणि सहाही जण शनिवारी पोचलेले होते. मंगळवारी पोचलेल्यांची बोट मात्र दर वेळी धक्क्याला एकटीच होती.

म्हणून राजधानीत मंगळवारी पोचणारी फेरी हवी. पण बरोबरच्या तेरा जणांनी शनिवारची ठरवलेली! ताईने तेरा फोन केले. एका काकांना शनिवारच हवा होता, कारण मागे याच सहलीला गेलेले त्यांचे साडू शनिवारी पोचले होते. "साडूंना राजधानीत उभं राहायला जागा नव्हती, असं त्यांनीच मला सांगितलंय," ताई म्हणाली. "तुम्हाला धक्का मोकळा मिळेल. मग सांगा की त्यांना!" काका त्याच फोनवर मंगळवारचे झाले.

सहल निघाली. पहिल्या तीन गावांतून टूर लीडर मुलीचे निरोप आले: बाई उतरल्या, बाई बाजारात फिरल्या, बाईंनी गाइडची चूक काढली. ताई एकेक गाव वहीत टिकत होती.

मंगळवारी इकडे डबे उघडायची वेळ आणि तिकडची सकाळ. फोन वाजला. टूर लीडर रडकुंडीला आली होती. नदीला वरच्या अंगाला पूर आला होता, दोन दिवस अडवलेल्या बोटी एकदम सोडल्या होत्या, आणि यांची बोट धक्क्यापासून तिसरी लागली होती. छतावरूनच जायचं होतं. बाकीचे तेरा जण चढूनही गेले.

"आणि बाई?"

"खोलीत आहेत. मी म्हटलं, तुमच्यासाठी फोटो काढून आणते. खिडकीतून फक्त शेजारच्या बोटीचे पडदे दिसतात, ताई. त्यांच्याकडेच बघत बसल्यात."

एकतीस वर्षं फळ्यावर काढलेल्या राजधानीत पोचून त्या बाई पडदे बघत होत्या. धाकटे मालक मागे येऊन उभे राहिले होते.

आणि मग तिला कँटीनवाले आठवले.

चार वर्षांपूर्वी कारखान्याचं कँटीन चालवणारे एक गृहस्थ याच नदीवर जाऊन आले होते. परतल्यावर त्यांच्याकडून राजवाड्याचं नाव निघेना, पुलाचं निघेना. अर्धा तास ते नुसतं बोटीच्या स्वयंपाकघराबद्दल बोलत होते. ऑफिस तोंडाला रुमाल लावून हसत होतं. ताईने मात्र पान भरेपर्यंत लिहून घेतलं होतं, कारण सांगणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही हा तिचा नेम. चौदावी वही तिने खसाखसा उलटली. सापडलं. कँटीनवाल्यांचे शब्द जसेच्या तसे: 'आमची बोट तिसरी होती तरी बटाटे आले. पाण्यालगत किचनशेजारी रुंद दार असतं. एका बोटीच्या त्या दारातून दुसरीच्या त्या दारात फळी टाकतात. बोट कुठल्याही कारखान्याची असो, बटाट्यांना काही पायऱ्या चढता येत नाहीत.'

"ऐक," ताई फोनवर म्हणाली, "खाली किचनमध्ये जा. बटाटे कुठल्या दाराने येतात ते विचार. त्याच दाराने बाईंना न्यायचं."

"ताई, बाईंना बटाट्यांच्या दाराने?"

"आधी बाईंना विचार. त्या नाही म्हणाल्या तर माझं नाव बदल."

चाळीस मिनिटं फोन गप्प होता. डब्यातली पोळी वाळली. मालक केबिनमध्ये गेले, बाहेर आले, पुन्हा गेले. मग फोन वाजला, आणि पलीकडून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज आला.

"अगं, मी काठावर उभी आहे! तीन बोटींची स्वयंपाकघरं पाहिली. एका आचाऱ्याने हात पुसून माझा हात धरला. नदी इथे डावीकडे वळते, बघ. मी फळ्यावर बरोबर काढत होते!"

ताईने फोन ठेवला आणि अख्ख्या ऑफिसासमोर पदर डोळ्यांना लावला. लाजली बिजली नाही.

दोन आठवड्यांनी बाई आल्या. कोणी न सांगता त्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या.

"लिही. राजधानी. पायऱ्या शून्य. फळ्या तीन. सांगणारी मी."

ताईने लिहिलं. मग बाई पुढे सांगू लागल्या.

"शेवटच्या गावात डोंगरावर किल्ला होता. तुझ्या कागदावर मागचा गाडीरस्ता लिहिला होतास, म्हणून वर गेले. वरून नदी बघताना तुझे वडील आठवले. दरवर्षी मी शंभर पोरांना वर नेऊन नदी दाखवायची, आणि खाली पिशव्या राखणाऱ्या माणसाला वर यायचा दुसरा रस्ता आहे का, हे मी एकदाही कुणाला विचारलं नाही. भूगोलाची बाई मी! तू मात्र विचारत राहिलीस."

ताईने उगीचच शून्य पुन्हा गिरवलं.

तेवढ्यात धाकटे मालक तो सही केलेला कागद घेऊन आले. चेहरा अगदी फिरत्या खुर्चीवरून पडलेल्या पोरासारखा. "ताई, हा फाडून टाकतो आता."

"फाडू नका," ताईने कागद हातातून काढून घेतला. "जबाबदारी माझी, असं लिहिलंय ना? मग हे शून्यसुद्धा माझंच आहे."

तिने तो कागद वहीच्या त्याच पानात ठेवला. मग नव्या कोऱ्या पानावर, एवढ्या वर्षांत कधी न लिहिलेलं ठिकाण लिहिलं: शाळेच्या सहलीचा किल्ला. आणि समोर बसलेल्या बाईंना विचारलं, "बाई, त्या टेकडीला मागून रस्ता आहे का हो? वरून नदी फार सुंदर दिसते."