निम्म्याहून जास्त प्लास्टिक

के. आर. पुरमजवळच्या आमच्या कस्टम क्लिअरिंगच्या ऑफिसात अक्का कुणालाच हुशार मानत नसत. आयातदारांना त्या 'कॅटलॉगवाले' म्हणत, मालकांना 'घाईवाले', आणि साताऱ्याहून नुकत्याच आलेल्या मला 'शिकलेला'. हा शब्द त्या असा उच्चारत, की पदवी घेतल्याची लाज वाटावी. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी बंगळुरात आलेलं. मराठीत निम्मं कन्नड मिसळलेलं, तरी हसत माझ्याच मराठीला. "स्वल्प हळू बोल. तुमच्याकडे हवापाण्याचं विचारतानाही भांडल्यासारखं बोलतात."

परदेशातून आलेला माल कराच्या कुठल्या रकान्यात बसतो, हे ठरवणं अक्कांचं काम. त्यातही बांधकामाचा कागदी माल त्यांचा खास. वॉलपेपर, दाराच्या पोटात घालायची कागदी जाळी, कागदाने मढवलेल्या जिप्समच्या पाट्या, प्रत्येकाची जागा निराळी. जिप्समची पाटी कागद म्हणून खपवू पाहणाऱ्या एकाला त्या म्हणाल्या होत्या, "बाशिंग बांधलं म्हणून घोडा नवरदेव होतो का?"

कॅटलॉग त्या उघडतही नसत. नमुना फाडत, स्टीलच्या डब्यात रात्रभर भिजत घालत, आणि उरलेल्या थरांची जाडी मायक्रोमीटरने मोजत. तो त्यांच्या यजमानांचा. ते सरकारी कारखान्यात टर्नर होते. "फाटला तर कागद, ताणला गेला तर प्लास्टिक. यात इंग्रजी कशाला पाहिजे?" मोजमाप पटलं, की कन्नडमध्ये 'सरी', म्हणजे 'बरोबर', एवढंच म्हणत.

दोन वर्षांपूर्वी देवनहळ्ळीकडच्या नव्या बंगल्यांना भिंतीच्या पाट्या पुरवणारा एक आयातदार आला. कॅटलॉगवर हिरवं पान, खाली 'नैसर्गिक कागदी बोर्ड'. कागदाला कर कमी, प्लास्टिकला जास्त. अक्कांनी तुकडा भिजवला. सकाळी कागदाचा लगदा सुटून आला आणि खाली जाड प्लास्टिक जसंच्या तसं. नियम साधा होता: कागदावरचा प्लास्टिकचा थर एकूण जाडीच्या निम्म्याहून जास्त असेल, तर असली पाटी प्लास्टिकमध्येच जाते.

"मॅडम, बनवणारेच पेपर म्हणतात," आयातदार म्हणाला.

"त्यांना विकायचंय. मला सही करायचीय."

त्यांनी सही केली नाही. मालकांनी फाइल उचलून माझ्या टेबलावर ठेवली. कस्टमची परीक्षा पास होऊन मला सहीचा अधिकार मिळाल्याला महिनाही झाला नव्हता. "तू नव्या विचाराचा आहेस. कर सही," मालक म्हणाले.

अक्का समोरच उभ्या होत्या. "शिकलेल्या, ते प्लास्टिक आहे. मी मोजलंय."

मी सही केली. भीतीपोटी केली असती तर एक वेळ बरं. मी मालकांच्या एका वाक्याने हुरळून केली.

दोन कंटेनर सुटले. तिसऱ्यातला नमुना प्रयोगशाळेत गेला आणि आम्हा तिघांना चौकशीचं बोलावणं आलं. आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी अक्कांना विनवलं, "एवढंच सांगा, की मला माहीत नव्हतं." त्यांनी हातातला घास खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा जेवू लागल्या.

अधिकाऱ्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे प्लास्टिक आहे असं यांना कुणी सांगितलं होतं?"

"मी सांगितलं होतं," अक्का म्हणाल्या. "त्याने ऐकलं नाही."

मला वाटलं, आता माझं संपलं. त्या मात्र थांबल्या नव्हत्या. "आणि सही कर म्हणून मालकांनी सांगितलं. मी तिथेच होते."

मालक शेजारच्या खुर्चीत बसून चष्मा पुसत राहिले.

माझा सहीचा अधिकार सहा महिने गेला. अक्कांची एकवीस वर्षांची नोकरी त्याच आठवड्यात गेली. निघताना त्यांनी आपली पिशवी भरली आणि भिंतीकडे बोट दाखवलं. "ते कॅलेंडर तू घे. तुला झेपेल एवढंच वाचन आहे त्यात."

कित्येक दिवस मी त्यांच्यावर चिडून होतो. मग निकालाची प्रत हाती आली. मालकांनी लेखी उत्तरात सगळा दोष माझ्यावर ढकलला होता: पोराने परस्पर सही केली, आम्हाला पत्ताच नाही. अक्कांचा जबाब नसता तर माझा अधिकार कायमचा गेला असता, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

फोन करायला मला आणखी सात महिने लागले. तोवर सहीचा अधिकार परत मिळाला होता आणि मी दुसरीकडे कामाला लागलो होतो.

"अक्का, तुमच्यामुळे वाचलो."

"तुझ्यासाठी नाही बोलले मी. तू एवढा मोठा नाहीस." पलीकडे कुकरची शिट्टी झाली. "आता काय करतोस?"

"तेच काम. काल एक फाइल परत केली. छताच्या कागदी पाट्या होत्या, पण नमुना द्यायला तयार नव्हते."

"नवे मालक काय म्हणाले?"

"ओरडले."

"मग?"

"मग काही नाही. ती फाइल परतच गेली."

पलीकडे कुकर खाली उतरवल्याचा आवाज आला.

"सरी," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.