गंगेवरची गाडी

आमचे वडील, अण्णा, नाशकात डॉक्टरकी करत. खेड्यापाड्यांतून बोलावणी येत आणि टांग्याने पोचेपर्यंत रोगी हातचा जाई, म्हणून त्यांनी जुनी मोटार घ्यायचं ठरवलं. पैशाची ओढाताण होतीच. त्यांनी बऱ्याच गाड्या पाहिल्या. थंडीतल्या सकाळी इंजिन गार असताना हँडल मारून बघायचं आणि पांडवलेण्यांच्या चढावर नेऊन बघायचं, ही त्यांची परीक्षा. त्या परीक्षेला एकच गाडी उतरली. तीच सगळ्यांत स्वस्त होती.

स्वस्त का, ते विकणाऱ्याने लपवलं नाही. आसपासच्या गावांतून अंत्यविधीसाठी गंगेवर, म्हणजे नाशकातल्या गोदावरीच्या घाटावर, प्रेतं आणायला तो ती भाड्याने देत असे.

"इंजिनाला काय कळतंय आत कोण आहे ते?" अण्णा आईला म्हणाले. त्यांनी मागे नवी सीट बसवून घेतली, काळा रंग काढून तपकिरी दिला. पण लांबट टप आणि घोगरा भोंगा तसाच राहिला. रविवार कारंज्यापाशी आमची गाडी आली की माणसं टोपी काढून बाजूला होत. एक म्हातारी तर हात जोडून उभी राहिली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. शाळेच्या अलीकडच्या वळणावर मी म्हणायची, "अण्णा, मला इथंच उतरवा." त्यांनी त्याचं कारण कधी विचारलं नाही.

सुट्टीत एकदा ते मला सायखेड्याला घेऊन गेले. एका शेतकऱ्याचा म्हातारा बाप तापाने फणफणला होता. गाडी अंगणात शिरली, भोंगा वाजला, आणि आतून ओरडा आला, "आरं, मी अजून हाय! गाडी कशाला बोलावली?"

मुलगा धावत बाहेर आला. "डाक्टरसाहेब, तो लय घाबरलाय. माझ्या चुलत्याला हिच्यातनंच गंगेवर नेलं व्हतं. गाडी दिसली तर तो तुमाला हात लावू द्यायचा नाय."

अण्णा बॅग हातात धरून उभे राहिले. त्यांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. भोवती जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून मागे सरकल्या. अण्णांनी गाडी वळवली, गावाबाहेर नेऊन उभी केली. मला म्हणाले, "चल." मी नाही म्हणून मान हलवली. ते एकटेच बॅग घेऊन चिखल तुडवत निघाले. जाणारं-येणारं कुणी पाहू नये म्हणून मी सीटखाली अंग चोरून बसले.

परत आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलं होतं. "चालत आलात ना, असं म्हाताऱ्याने दोनदा विचारून घेतलं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "गाडी चांगली आहे गं."

मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर ते प्रत्येक गावाबाहेर गाडी ठेवून चालत जाऊ लागले. पुढे पुढे नाशकातसुद्धा. शेवटी आईने ती विकायचा हट्ट धरला आणि मालेगावकडच्या एका कांदेवाल्याने गाडी नेली. तिच्या जागी हिरवी, चकचकीत गाडी आली. लोक वळून बघत, मला शाळेच्या दारात उतरताना बरं वाटे. ती पेठच्या रस्त्यावर पहिल्याच मोठ्या चढाला बंद पडली. पुढच्या एका पाड्यावर एक बाळंतीण अडली होती. अण्णा चालत पोचले तेव्हा ती गेली होती, बायका बाहेर ओट्यावर बसल्या होत्या. हे त्यांनी घरी आल्यावर आईला सांगितलं.

मग ते मला बरोबर घेऊन मालेगावकडे गेले, जुनी गाडी परत मागायला. ती शेताच्या बांधावर उभी होती, मागे कांद्याच्या गोणी रचलेल्या.

"नाही देणार, डॉक्टर," कांदेवाला म्हणाला. "भलती इमानी शे ही."

त्याने हँडल मारलं. पहिल्याच फेऱ्याला इंजिन धडधडायला लागलं. अण्णांनी बॉनेटवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी चपलेने माती उकरत उभी राहिले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं तरी मी मान वर केली नाही.